रोमन पद्धतीची मोहोर मागवण्यापूर्वी

लग्नपत्रिकेच्या पाकिटावर रोमन पद्धतीची मोहोर हवी, असं अनेक ग्राहक सांगतात. आम्ही ती हौसेने कोरून देतो. पण रोमन पत्राची सगळी राखण दोऱ्यावर असे, हे आधी सांगावंसं वाटतं.

लाकडी पाटीच्या उथळ खोबणीत मेण भरून त्यावर टोकदार लेखणीने लिहीत. लिहून झालं की दोन पाट्या मेणाची बाजू आत घेऊन मिटायच्या, दोऱ्याने आवळायच्या, दोऱ्यावर मेण लावायचं आणि त्यात मोहोर कोरलेली अंगठी दाबायची. इ.स.पू. 63 मध्ये रोमचा कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) सिसेरो याने सत्ता उलथवू पाहणाऱ्या कटवाल्यांची पत्रं सिनेटपुढे ठेवली. त्याने मोहोर ज्याची त्याला आधी ओळखायला लावली, मगच दोरा कापून पत्र वाचलं.

व्यवहाराच्या कागदांची काळजी आणखी मोठी. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात 1875 मध्ये युकुंडस नावाच्या सावकाराच्या पाट्या सापडल्या. अशा दस्तात मजकूर दोनदा लिहीत: एक प्रत आत मोहोरबंद, दुसरी बाहेर वाचण्यापुरती. वाद झाला तर आतली उघडायची. इतकी साधी आणि पक्की युक्ती आम्हाला फार आवडते. तरीही बनावट दस्त होतच. म्हणून सम्राट नीरोच्या काळात नियम झाला, की पाट्यांना भोकं पाडून दोरा त्यांतून तीनदा ओवायचा. मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या मोहोरा लागत.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची पहिली मोहोर स्फिंक्सची, मग अलेक्झांडरची, शेवटी डायोस्कुरिडीस या खडे कोरणाऱ्या कारागिराने कोरलेली स्वतःच्या चेहऱ्याची. खोदकाम लाल अकीकासारख्या खड्यात, खोलगट आणि उलटं करीत. मेण चिकटू नये म्हणून खडा आधी ओला करीत.

आजची पितळी मोहोरही लाखेला चिकटते. दोन ठशांच्या मध्ये ती बर्फावर टेकवा आणि कोरडी पुसून घ्या. पाकिटाभोवती सुती दोरा गुंडाळून गाठीवरच लाख ओता. नुसती लाख कागदावरून उचलली जाते. कुरियरने पाठवायचं असेल तर बाहेरून दुसरं पाकीट घाला, कारण कडक लाख तडकते.

नक्षीत बारीक अक्षरं टाळा, ती लाखेत बुजतात. एखादा प्राणी, पान किंवा एकच ठसठशीत अक्षर छान उठतं. चित्र सरळच आणा, उलटं आम्ही करून घेतो.