पोम्पेई: एका अनेकवचनी गावाचे नाव

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी १७४८ मध्ये आज पोम्पेई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन गावाचे उत्खनन सुरू झाले, तेव्हा हे स्ताबिए हे जवळचे दुसरे प्राचीन गाव असावे असा समज होता. तो खोडला १७६३ मध्ये वेशीबाहेर सापडलेल्या शिलालेखाने. रोमन सम्राट व्हेस्पासियनच्या आज्ञेवरून तितुस सुएदियुस क्लेमेन्स या अधिकाऱ्याने खासगी लोकांनी बळकावलेल्या सार्वजनिक जागा मोजणी करून 'रेइ पुब्लिकाए पोम्पेइयानोरुम', म्हणजे पोम्पेईकरांच्या नगराला, परत केल्या, असा त्याचा आशय. अतिक्रमण हटवल्याच्या नोंदीवरून गावाचा पत्ता लागला! त्यातही नाव आहे ते गावकऱ्यांचे, तेही षष्ठी अनेकवचनात. रोमन सेनापती सुल्लाने इ.स.पू. ८० मध्ये वसवलेल्या वसाहतीच्या अधिकृत नावातही 'पोम्पेइयानोरुम'च आहे.

मूळ नाव लॅटिनच्या आधीचे, ओस्कन या दक्षिण इटलीतल्या प्राचीन भाषेतले मानले जाते. लॅटिनमध्ये जिथे 'क्व' येतो, तिथे ओस्कनमध्ये 'प' येतो: लॅटिन 'क्विस' (कोण), ओस्कन 'पिस'. त्यामुळे 'क्विंक्वे' (पाच) या शब्दाचे ओस्कन रूप 'पोम्पे' असे मांडले जाते. आपला 'पाच' त्याच घराण्यातला. यावरून 'पाच वाड्या एकत्र आल्या' ही उपपत्ती लोकप्रिय झाली. पण नावावरून वाड्या मोजता येत नाहीत. पोम्पेइयुस हे कुलनाव त्याच शब्दावरून घडले असावे, आणि 'पोम्पेई' म्हणजे त्या कुळातली माणसे, असे मानले तर अनेकवचनही आपोआप उलगडते. म्हणून ही उपपत्ती अधिक पटते. ग्रीक वीर हर्क्युलिसच्या मिरवणुकीशी, म्हणजे ग्रीक 'पोम्पे' (मिरवणूक) या शब्दाशी, लावलेला संबंध मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावर उभा आहे.

लॅटिनमध्ये हे नाव पुल्लिंगी, नामांच्या दुसऱ्या गणातले, कायम अनेकवचनी. प्रथमा पोम्पेई, षष्ठी पोम्पेइओरुम. गावाच्या नावाला लॅटिनमध्ये 'इन' (मध्ये) किंवा 'आद' (कडे) लागत नाही: 'पोम्पेईला' म्हणजे नुसते द्वितीयेचे 'पोम्पेइओस'. 'पोम्पेईत' सांगताना एकवचनी 'रोमाए' (रोममध्ये) याच्यासारखे रूप करता येत नाही; अनेकवचनी नावाची सप्तमी पंचमीसारखीच होते, म्हणून 'पोम्पेइइस'. हेच रूप 'पोम्पेईहून' असाही अर्थ देते, तेव्हा क्रियापद पाहूनच ठरवावे लागते. 'आद पोम्पेइओस' लिहिले, की अर्थ 'पोम्पेईच्या आसपास' असा होतो. नवख्यांची आणखी एक चूक 'पोम्पेई' या रूपातच लपलेली असते: सेनापती पोम्पेइयुसच्या नावाची षष्ठीही अगदी तशीच. शेजारी अनेकवचनी क्रियापद असेल तर बहुधा गाव, दुसऱ्या नामाला चिकटून आले असेल तर बहुधा माणूस.