फियाटला रॅक-पिनियन बसवायचा असेल तर आधी हे वाचा
(ड्रॅग शर्यतीसाठी गाडी बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पद्मिनी किंवा तिच्या आधीची 1100 डी पाव मैलाच्या शर्यतीला उतरवायची ठरली, की आमच्याकडे पहिली मागणी येते ती "बॉक्स काढा आणि रॅक टाका" अशी. मागणी रास्त आहे. (रॅक म्हणजे दात्यांची सरळ दांडी; पिनियन हा छोटा गिअर तिला डावीउजवीकडे सरकवतो आणि चाकं वळतात.) या गाड्यांचा मूळ स्टेअरिंग बॉक्स वर्मचा, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरचा. त्याच्या पुढे पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), मधली दांडी, समोरच्या बाजूला आयडलर (तिला धरणारा दुसरा हात), मग दोन्हीकडच्या टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या). प्रत्येक जोडात केसभर प्ले (ढिलाई) धरला तरी स्टेअरिंगवर तो दोन-तीन बोटं जाणवतो. शेवटची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडून जवळपास पंचवीस वर्षं होतील, त्यामुळे चांगला बॉक्स मिळणंही अवघड झालंय. त्यात मोठं इंजिन बसवलं, की सायलेन्सरचा पाइप नेमका बॉक्सवर येतो. रॅकमध्ये जोड कमी, वजन कमी आणि चाक सरळ असताना हाताला नेमकेपणा येतो.

इथवर आमचं आणि तुमचं एकमत आहे. अडचण पुढे येते. गेल्या काही काळात आलेल्या बऱ्याच गाड्यांना रॅक आधीच वेल्ड केलेला होता आणि मालकाचं म्हणणं एवढंच होतं, "बसवून झालाय, गाडी थोडी भरकटते, तेवढं अलाइनमेंट करून द्या." हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अलाइनमेंटने हा दोष जात नाही. अलाइनमेंट उभ्या गाडीची होते आणि तुमचा त्रास गाडी सुटल्यावर सुरू होतो. क्लच सोडला की वजन मागे जातं, नाक उचलतं आणि पुढची चाकं खाली लोंबतात. गिअर बदलताना नाक पुन्हा खाली येतं, पुन्हा उचलतं. शेवटी ब्रेक मारला की ते नेहमीच्या उंचीच्याही खाली बसतं. या सगळ्यात चाक वरखाली होताना विशबोनच्या (चाक धरणाऱ्या वरच्या-खालच्या हातांच्या) वाटेने फिरतं आणि टाय रॉडचं टोक टाय रॉडच्या वाटेने. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत, तर स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं तरी चाकं आपोआप आत किंवा बाहेर वळतात. झोपाळ्याची एक कडी आखूड करून वरच्या हुकाला तेवढी पट्टी जोडली, तर फळी उभ्यात लेव्हलमध्ये दिसते, पण झोका घेतला की तिरकी जाते, तसंच हे. याला बंप स्टिअर म्हणतात. दोन्ही चाकं सारखीच वळली तरी गाडी सरळ जाईल असं नाही, कारण ज्या चाकावर त्या क्षणी वजन जास्त असेल, ते जिकडे वळलेलं असेल तिकडे ती ओढते. ट्रॅकच्या शेवटाला, पूर्ण वेगात ब्रेक मारताना असं होऊ नये, एवढ्यासाठीच आमचा सगळा खटाटोप असतो.

ही चूक नेमकी होते कुठे? गाडी घोड्यांवर (स्टँडवर) असते, इंजिन बाहेर असतं, चाकं लोंबत असतात. फॅब्रिकेटर टाय रॉडला दोरी लावतो, रॅक त्या रेषेत धरतो, रॅक धरायला पत्र्याचे दोन कान कापतो आणि वेल्ड करून टाकतो. दिसायला काम सुरेख असतं, वेल्डिंगही पक्कं असतं. पण विशबोन त्या वेळी जिथे होते तिथे ते गाडी चालताना नसतात. इंजिन बसल्यावर, टायर बदलल्यावर, स्प्रिंग कापल्यावर सगळी उंची बदलते आणि रॅक मात्र जुन्या हिशेबावर अडकून राहतो. मग ते कान कापायचे, चेसिस घासून साफ करायची, पोलाद पातळ झालं असेल तिथे प्लेट टाकायची आणि मूळ काम पहिल्यापासून करायचं. या कापाकापीचे दिवस मूळ कामापेक्षा जास्त जातात आणि त्याचे पैसे आम्हाला वेगळे लावावे लागतात. ग्राहकांना ते जड जातं, हे आम्हाला समजतं. म्हणून कळकळीची विनंती: रॅक विकत घ्या, हवं तर आम्हाला दाखवा, पण वेल्ड करू नका.

आमच्याकडे क्रम उलटा असतो. आधी गाडी जमिनीवर उभी राहते. शर्यतीचं इंजिन, गिअरबॉक्स, शर्यतीचेच टायर, सीटवर तुमच्या वजनाची पोती आणि टाकीत पेट्रोल, हे सगळं असल्याशिवाय आम्ही टेप काढत नाही. मग ओळंबा सोडून वरच्या-खालच्या विशबोनच्या आतल्या पिनांच्या जागा जमिनीवर उतरवतो आणि प्लायच्या पूर्ण मापाच्या फळीवर रेषा आखतो. रॅकचा आतला बॉल जॉइंट त्या दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेवर किंवा अगदी तिच्या जवळ यायला हवा. शिवाय टाय रॉडची रेषा, दोन्ही विशबोनच्या रेषा लांबवून जिथे मिळतात, त्या बिंदूकडे जायला हवी. रॅकची लांबी आणि उंची या फळीवरूनच ठरते.

त्यानंतर स्प्रिंग काढून हबला सपाट प्लेट बांधतो, प्लेटला पुढे-मागे दोन डायल गेज लावतो आणि जॅकने हब 10-10 मिलिमीटर वरखाली करत प्रत्येक आकडा लिहून घेतो. रॅकचा पाळणा, म्हणजे त्याला धरणारी चौकट, तोवर फक्त टॅकवर (वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) असतो. काट्याने मर्यादा ओलांडली, की शिम (पातळ पट्टी) घालायची किंवा काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. एका बाजूला दुपार सहज जाते. शेवटचा तक्ता गाडीसोबत तुम्हाला मिळतो. पुढे कोणीही उंची बदलली तर तो त्यांना दाखवा. पक्कं वेल्डिंग फक्त पाळण्याच्या बैठकीचं होतं. रॅक बोल्टवरच राहतो, म्हणजे उद्या इंजिनचा चेंबर (खालची तेलाची टाकी) उतरवायचा झाला तर रॅक सोडवता येतो.

"अँबॅसडरचा रॅक चालेल का, मारुती 800 चा?" हा रोजचा प्रश्न. अँबॅसडरला मॉरिसच्या वारशाने रॅक पहिल्यापासून होताच, आणि जुन्या बाजारात दोन्ही मिळतात. पण आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर तुमच्या पिनांशी जुळलं तरच तो चालेल. जुळत नाही म्हणून दांडा कापून वेल्ड करून आणलेले रॅक आम्ही हातात घेत नाही. स्टेअरिंग आर्म तापवून वाकवणंही आमच्याकडे बंद आहे. कोणी ऑनलाइन अमेरिकन रॅक मागवतात. फोर्डच्या 1974 च्या मॉडेलपासूनच्या मस्टँग टूचा रॅक तिकडच्या हॉट रॉडवाल्यांच्या आवडीचा आहे, पण ती गाडी डाव्या हाताची, त्यामुळे पिनियन डावीकडे येतो आणि आपला कॉलम उजवीकडे. ॲक्सलच्या मागे बसणारा रॅक ॲक्सलच्या पुढे तसाच सरकवला, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. हे ऐकून हसू येतं, पण अशी गाडी चालवून पाहायची वेळ कोणावर येऊ नये.

फार जलद रॅक, म्हणजे स्टेअरिंग थोडं फिरवताच चाकं जास्त वळवणारा, मागू नका. वळणाच्या ट्रॅकला तो ठीक आहे. सरळ पळताना मात्र हाताची छोटी हालचालही मोठी होते. कॉलमला दोन युनिव्हर्सल जॉइंट लागतात. कोणत्याही एका जॉइंटचा कोन 30 अंशांच्या आत ठेवायचा, मधल्या शाफ्टवरचे दोन्ही जॉइंटचे काटे एका ओळीत ठेवायचे आणि तिसरा जॉइंट लागलाच तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यायचा. फियाटचा गिअर हँडलवर असल्यामुळे कॉलम बदलताना त्याचं काय करायचं, हेही आधीच ठरवून या. बहुतेकांना गिअर खाली घ्यावा लागतो.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही हे काम करत नाही. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलाला मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आडवं येतं, आणि विम्याच्या वेळी तुमचीच पंचाईत होते. अशा गाड्यांसाठी आम्ही मूळ बॉक्स उघडून बेअरिंग आणि बुश बदलतो, आयडलर, टाय रॉडची टोकं, किंग पिन नवीन घालतो. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आणि टो (चाकांची आत-बाहेर दिशा) नीट लावून दिला की जुनी फियाट रस्त्यावर किती सरळ चालते, हे पाहून बरेच जण रॅकचा विचार सोडतात. खर्चही रॅकच्या कामापेक्षा पुष्कळ कमी येतो.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे, त्यामुळे पाळणा, बुश, शिम सगळं शेजारच्याच लेथवर आमच्या डोळ्यांसमोर तयार होतं. फोनवर दर सांगत नाही, कारण गाडी उभी करून पाहिल्याशिवाय सांगितलेला दर खोटाच ठरतो. पहिली तपासणी आणि पिनांचं मोजमाप याचे पैसे घेत नाही. गाडी आणताना शर्यतीचे टायर चढवलेले असावेत, इंजिन जागेवर असावं आणि रॅक घेतलाच असेल तर तो खोक्यात असावा.