समतल चर आणि वळण चर: दिसायला जुळे, कामाला उलटे

मुरबाडहून माळशेजकडे जाताना उन्हाळ्यात डोंगरउतारावर आडवे खणलेले चर दिसतात. लांबून सगळे सारखेच. उताराला आडवा खड्डा आणि खणलेली माती खालच्या अंगाला टाकलेली. पण त्यांतला एक, समतल चर, पाणी धरून ठेवायला असतो, तर दुसरा, वळण चर, पाणी वाहून न्यायला. हा फरक न ओळखता खणलं तर माती वाचत नाहीच, उलट नवी घळ पडते.

आमच्या वरकशीवर, म्हणजे उताराच्या जमिनीवर, हेच झालं. खाचराच्या वर पाणी अडावं म्हणून समतल चर हवा होता. मशीनवाल्याने नजरेच्या अंदाजाने पन्नास मीटरचा एकच चर ओढला आणि त्याचं एक टोक वीतभर खाली राहिलं. उन्हाळ्यात ती वीत कुणाच्याच ध्यानात आली नाही. आवणीच्या दिवसांत सगळं पाणी त्या टोकाला धावलं, मातीचा भराव फुटला आणि मुरूम नुकत्याच लावलेल्या भातावर येऊन बसला. आईने तो घमेल्या-घमेल्यांनी काढला. दोन गुंठे भात गेलंच.

समतल चराचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत असावा लागतो. सरकारी कामात नेहमीचं एक माप 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असं असतं. म्हणजे 10 मीटर चरात 1800 लिटर पाणी थांबतं. ते हळूहळू जमिनीत मुरतं आणि सोबत आलेली माती तळाशी बसते. ही माती थोडीथोडकी नसते. एका एकरावरून 1 मिलिमीटरचा थर गेला, तर तो 4 घनमीटर भरतो, वजनाला 5 टन. डोळ्यांना मात्र शेत कालच्यासारखंच दिसतं. राब (पालापाचोळा पसरून) भाजून उघड्या पडलेल्या उतारावर पहिल्या वळवाच्या सरी कोसळतात तेव्हा ओहोळाचं पाणी चहासारखं लाल होतं. तो आपल्या नाचणी-वरईचा कस वाहून चाललेला असतो.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून इथे लांबच लांब सलग चरापेक्षा तुटक चर मला जास्त भरवशाचे वाटतात. मध्ये थोडी जागा न खणता सोडायची आणि खालच्या ओळीतला चर नेमका त्या सोडलेल्या जागेखाली घ्यायचा. एखादा भरून वाहिला तरी सगळी ओळ फुटत नाही.

वळण चराचं काम वेगळं. डोंगरावरून येणारा लोंढा खाचरात घुसण्याआधीच तो बाजूला वळवून ओहोळापर्यंत नेतो. त्याला बेताचा ढाळ लागतो, 100 मीटरला फार तर अर्धा मीटर. ढाळ जास्त झाला की पाणी चराचाच तळ खरवडत जातं. शेवटी तो मुरमावर सोडायचा नाही, दगड रचलेल्या किंवा गवत धरलेल्या जागी सोडायचा. घरांच्या वरच्या तीव्र चढावर तर पाणी जिरवायचा हट्ट नकोच, तिथे ते वळवूनच काढावं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा मोलाची आहे, पण ती प्रत्येक चढाला लागू पडत नाही.

पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. बांबूची ‘ए’सारखी चौकट बांधायची, पायांत 2 मीटर अंतर ठेवायचं आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. सपाट जागी दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करायची. दोन्ही पायांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा पाहायचं. दोन खुणांचा मध्य ही खरी खूण. समतल चरासाठी प्रत्येक पावलाला दोरी त्या खुणेवर यायला हवी. वळण चराला ओहोळाकडच्या पायाखाली 1 सेंटिमीटरची चकती बांधायची आणि तीच खूण धरायची; ढाळ आपोआप मिळतो.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चर बघायला जा. समतल चरात पाणी दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर उभं दिसायला हवं. वळण चरात ते थांबता कामा नये, आणि वरून येताना जेवढं गढूळ होतं त्याहून जास्त गढूळ होऊन खाली जाता कामा नये. पाणी असं जास्त गढूळ दिसलं तर त्याच दिवशी चरात आडवे दगड लावा, कारण दुसरी मोठी सर थांबत नाही.