क्लचची थरथर
क्लचची थरथर : उभी गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये टाकून पेडल सोडत असताना, क्लच प्लेट पूर्ण पकड घेण्याआधी, सगळ्या गाडीला बसणारे जलद व नियमित हिसके. पेडल पूर्ण सुटताच हिसके थांबणे ही या दोषाची मुख्य खूण होय. इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे. पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर करकरत पडत असेल, तर क्लच नीट सुटत नाही. हे दोन्ही दोष निराळे.

मराठवाड्यातील जुन्या पिकअपच्या बाबतीत मूळ कारण बहुधा भार आणि ‘हाफ क्लच’ (पेडल अर्धवट दाबून ठेवणे) यांच्या जोडीत सापडते. जालन्याची मोसंबी किंवा लातूरच्या बाजाराला जाणारे सोयाबीन भरून काळ्या रानातल्या चाकोरीतून डांबरी सडकेवर चढताना, अथवा कन्नडच्या औट्रम घाटात वाहने खोळंबल्यावर, गाडी ब्रेकऐवजी क्लचवर तोलून धरली जाते. त्या उष्णतेने प्लेटचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते, फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळसर कडक डाग पडतात आणि घर्षण सर्वत्र सारखे न राहिल्याने प्लेट क्षणात पकडते, क्षणात निसटते. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची थरथर मात्र कित्येकदा फ्लायव्हीलवरील पातळ गंजामुळे असते व चार-सहा वेळा गाडी जागेवरून हलवल्यावर आपोआप जाते.

थरथर पायाला क्लचमध्ये जाणवली, तरी ती तिथेच जन्मलेली असते असे नाही. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याचे खर्चिक काम शेवटी ठेवावे. चाकांना पुढून-मागून दगड लावून व हँडब्रेक ओढून एकाने चालू गाडी गिअरमध्ये टाकून पेडल किंचित सोडावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून (समोर कदापि नाही) उघड्या बॉनेटमधून पाहावे. इंजिन एका अंगाला उचलले जात असल्यास फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसते त्या आधाराचे) रबर फाटलेले किंवा सुटलेले असते. गिअरबॉक्सचे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, त्याच्या सेंटर बेअरिंगचे रबर, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि पाट्यांचे टोक धरणाऱ्या शॅकलचे बुश यांतील ढिलाईही असेच हिसके देते. तारेचा क्लच असल्यास आवरणात अडकत सरकणारी तार पेडल एकसारखे सुटू देत नाही.

यानंतर क्लच हाउसिंगच्या तळाशी तेल ओघळले आहे का, ते पाहावे. डिझेल इंजिनाचे तेल काळे व पातळ असते आणि ते क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून येते. गंधकाचा उग्र वास असलेले जाड तेल गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलकडे बोट दाखवते. तेलकट प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची रीत आहे, पण अस्तरात मुरलेले तेल गरम झाल्यावर परत वर येते. त्यामुळे हा उपाय फार टिकत नाही.

गिअरबॉक्स उतरल्यावर प्लेटच्या स्प्रिंगा, शाफ्टच्या खाचा, प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांची सारखी उंची, क्रँकच्या टोकातील लहान बेअरिंग आणि फ्लायव्हीलची सपाटी एकाच वेळी तपासली जाते. सपाटी डायल गेजने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) मोजून आकडा गाडीच्या मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहतात. डाग पडलेल्या फ्लायव्हीलवर नुसती नवी प्लेट बसवणे म्हणजे अर्धेच काम. पृष्ठभाग ग्राइंडिंग करून सपाट करावा लागतो किंवा फ्लायव्हील बदलावे लागते. नवे अस्तर पृष्ठभागाशी जुळेपर्यंत किंचित थरथर राहू शकते, आणि त्या काळात गाडीत भार कमी ठेवतात.