क्रौंचांचा तळ आणि दारूचे बटाटे

स्वीडनच्या दक्षिण भागात, स्कारा आणि फाल्शोपिंग या गावांच्या मध्ये, हॉर्नबोर्या नावाचं उथळ सरोवर आहे. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे हजारो क्रौंच उतरतात. स्पेन किंवा जर्मनीत हिवाळा काढून उत्तरेकडच्या दलदलींत विणीसाठी निघालेले हे पक्षी वाटेत इथे मुक्काम टाकतात. दिवसभर शेतात चरतात, मधूनच पंख पसरून उड्या मारत नाचतात आणि अंधार पडला की कोल्ह्याच्या भीतीने उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. संध्याकाळी पाण्याकडे परतताना त्यांची मोजणी होते. एप्रिल २०१९ मध्ये एकाच दिवशी तब्बल २७,३०० क्रौंच मोजले गेले.

बघायला आलेल्यांना वाटतं, हे शतकानुशतकं असंच चालत आलं असणार. क्रौंच जुनेच, पण ही एवढी गर्दी जुनी नाही. ती जमली माणसाच्या दोन उद्योगांमुळे: एक दारू गाळण्याचा आणि दुसरा सरोवर आटवण्याचा.

आधी दारूचं. बटाट्यापासून गाळलेली ब्रेनविन ही स्वीडनची जुनी दारू. सरोवराच्या दक्षिणेला ब्यूरूमच्या परिसरात दारूभट्टीसाठी बटाट्याची मोठी लागवड होत असे. काढणीनंतर कितीतरी बटाटे मातीतच राहायचे, हिवाळाभर गोठायचे आणि बर्फ वितळला की वर यायचे. लांबच्या उड्डाणाने दमलेल्या, चार-सहा किलो वजनाच्या पक्ष्याला आणखी काय हवं? शेजारी रात्रीच्या निवाऱ्याला उथळ पाणीही होतंच. मुक्काम ठरून गेला.

१९७०च्या दशकात तिथली ही लागवड थांबली. पण क्रौंच यायचे थांबले नाहीत, आणि भुकेला थवा आसपासच्या नव्या पेरणीवर उतरला तर शेतकऱ्याचं नुकसान ठरलेलं. तेव्हा मुद्दाम बटाटे टाकायला सुरुवात झाली. पुढे बटाट्यांच्या जागी बार्ली आली. आजही जिल्हा प्रशासन वसंतात एका ठरावीक माळावर बार्ली पसरतं. क्रौंच लोकांना जवळून दिसतात तेही बहुतांशी त्यामुळेच. थोडक्यात, निसर्गाचा चमत्कार म्हणून ज्याचे फोटो निघतात ती सरकारी खर्चाची पंगत आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त ते माहीत असावं.

सरोवराची गोष्ट जास्त कडू आहे. एकोणिसाव्या शतकात स्वीडनची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि शेतजमीन अपुरी पडत होती. देशभर सरोवरांची पातळी खाली आणून गाळाची जमीन मिळवण्याची लाट आली. हॉर्नबोर्यावर हा प्रयोग १८०२ ते १९३३ या काळात पाच वेळा झाला. दर वेळी कालवे खोल केले, पाणी उतरलं, जमीन मिळाली. पण उघड्या पडलेल्या गाळातला वनस्पतींचा थर हवेने कुजत गेला, जमीन खचली आणि बर्फ वितळताच पुन्हा पाण्याखाली गेली. मग आणखी खोल खणायचं. शेवटच्या खेपेनंतर सरोवर उन्हाळ्यात जवळजवळ कोरडंच पडू लागलं. शेतीला धड उपयोग झाला नाही, आणि पाण्याच्या जागी लव्हाळी नि विलोची झुडपं माजली. बदकं, डुबक्या यांचं हक्काचं ठिकाण गेलं. क्रौंचांना मात्र शेतं आणि थोडं पाणी पुरत होतं, म्हणून ते टिकले.

१९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत हॉर्नबोर्याचं नाव गेलं, तेव्हा ते मरणपंथालाच होतं. सुधारणेचे प्रयोग १९६०च्या दशकापासून चालले होते: लव्हाळी कापणं, मुळं उपटणं, अहवालांवर अहवाल. पाणी वाढवायचं तर आसपासच्या शेतांचं काय, हा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १९८०च्या दशकाच्या शेवटी निर्णय झाला आणि १९९२ ते १९९५ दरम्यान पाण्याची पातळी सुमारे ८५ सेंटिमीटरने वाढवली. ऐकायला हे थोडंच वाटतं, पण इतक्या सपाट, उथळ सरोवराचं त्याने रूपच पालटलं. लव्हाळी मागे हटली, पाणपक्षी परतले. क्रौंचांची संख्याही पुढच्या दशकांत वाढतच गेली, अर्थात त्याचं सगळं श्रेय या सरोवराला देता येत नाही. युरोपात शिकारीला लागलेला आळा आणि मक्याच्या शेतांत सांडलेला दाणा यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

या पक्ष्याची वाट बघण्याची परंपरा स्वीडनमध्ये मात्र खरोखर जुनी आहे. दक्षिणेकडच्या काही भागांत २५ मार्च हा क्रौंचाचा दिवस. क्रौंच उजेड घेऊन येतो, तेव्हा आजपासून दिवा न लावता झोपायला जायचं, असं मानत. मुलं मोजे टांगून ठेवत आणि रात्री क्रौंच त्यांत खाऊ ठेवून जाई.

आपल्याकडे हिवाळ्यात गुजरातच्या शेतांत आणि तलावांवर दिसणारे राखाडी क्रौंच याच जातीचे, पण ते येतात सायबेरियाच्या बाजूने. स्वीडनच्या क्रौंचांची वाट वेगळी, आणि ती आता आखूड होत चालली आहे. सौम्य हिवाळ्यांमुळे बरेचसे स्पेनपर्यंत न जाता जर्मनीतच थांबतात आणि हॉर्नबोर्याला पूर्वीपेक्षा लवकर पोचतात. त्यामुळे बार्ली कधीपासून टाकायची, याचं वेळापत्रकही लवकरचं करावं लागतं.