कुंडीतला वाफसा

"अगं, रोज न चुकता पाणी घालते, तरी मान टाकतोय बघ." ठाण्याच्या आत्यानं मनीप्लांटचा फोटो पाठवला तो ऐन श्रावणात. खालची पानं पिवळी, वरची लोंबलेली. सकाळची पूजा आटोपली की तांब्यातलं उरलेलं पाणी ती त्या कुंडीत घालायची. पानं मलूल दिसायला लागल्यावर तिनं संध्याकाळी आणखी एक पेलाभर सुरू केलं. जीव लावूनच करत होती. पण तो वेल तहानेनंच मरायला टेकला होता, तोही पाण्यात उभा राहून.

पाऊस पडला की शेतकरी लगेच तिफण घेऊन शेतात उतरत नाही, वाफसा यायची वाट बघतो. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. घरातल्या कुंड्यांचं दुखणं समजून घ्यायला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

पानं अन्न तयार करतात हे शाळेपासून पाठ असतं, पण मुळं श्वास घेतात हे लक्षात राहत नाही. पानांकडून आलेली साखर मुळांच्या पेशी ऑक्सिजन वापरून जाळतात आणि त्यातून ऊर्जा मिळवतात. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या इंधनाचे, साधारण 30 रेणू मिळतात. नसेल तर फक्त 2. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांवर हीच वेळ येते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. शिवाय मातीतले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवत असतातच.

मग पाणी असूनही पानं का सुकतात? मुळांच्या पेशींच्या आवरणात पाणी आतबाहेर करणाऱ्या प्रथिनांच्या बारीक वाटा असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. गुदमरलेल्या पेशीत आम्लता वाढते आणि या वाटा मिटतात, असं फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी 2003 साली दाखवून दिलं. (ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.) म्हणजे दारात पाणी आणि दार बंद. पानांना वरून कळतं ते इतकंच, की खालून पाणी येत नाहीये. म्हणून ती मान टाकतात, आणि आपण आणखी एक पेला ओततो.

पावसाळ्यात हे जास्त होतं. हवा दमट, ऊन नाही, त्यामुळे पानांतून वाफ फारशी उडत नाही आणि माती वाळत नाही. तांब्या मात्र उन्हाळ्यातलाच असतो.

रविवारी आत्याकडे गेले. कुंडी चिनी मातीची, देखणी, आणि तळाला भोक नसलेली. उपडी केली तर तुंबलेल्या गटारासारखा वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तशी त्याची तपकिरी साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरला. ही मूळकूज. बऱ्याचदा ती पिथियमसारख्या जिवांमुळे होते. ते दिसायला बुरशीसारखे असले तरी खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांच्या कुळाला जवळचे, आणि त्यांचे बीजाणू शेपट्या हलवत चक्क पोहत मुळापर्यंत जातात. भिजकट माती म्हणजे त्यांचा जलमार्गच.

तळाशी आत्यानं खडे घातले होते, "पाणी निचरावं म्हणून." हा समज घरोघरी आहे, आणि चुकीचा आहे. भिजलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या, मग उभा करा. आणखी पाणी गळतं. स्पंजच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि उंची वाढली की तेवढ्या थरात सगळं पाणी मावत नाही. कुंडीतल्या मातीचंही तसंच. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. खडे नकोत, भोक हवं.

काळी, मऊ मुळं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापून टाकली. पांढरी, टणक अशी जेमतेम तीन उरली. ती लहान कुंडीत लावली. मोठ्या कुंडीत माती जास्त, पिणारी मुळं कमी, म्हणून ती माती दिवसचे दिवस ओली राहते. मातीत निम्मं कोकोपीट आणि जाड वाळू मिसळली. आत्या गांडूळखताची पिशवी घेऊन आली, तिला थांबवलं. जखमी मुळांना आधी नवी मुळं फुटू देत, खत नंतर. आता बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी.

शिवाय तीन फांद्या कापून बाटलीत ठेवल्या. कापताना पेर, म्हणजे पान फुटतं तिथली गाठ, सोबत हवंच. डोळा तिथेच असतो, मुळांचे कोंबही तिथूनच निघतात. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्महिने हिरवं राहील, पण वेल होणार नाही. आत्यानं लगेच विचारलं, "मग बाटलीतल्या पाण्यात का नाही कुजत?" रास्त प्रश्न. पाण्यातच फुटलेली मुळं त्या पाण्याशी जुळवून घेत वाढतात. स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन खाणारे जिवाणूही कमी, आणि पृष्ठभागावरून हवा मिसळत राहते. मातीत वाढलेलं मूळ अचानक बुडालं की त्याला तेवढी सवड मिळत नाही.

कुंडी आम्ही टीव्हीशेजारून खिडकीजवळ हलवली. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शेदोनशे. आपले डोळे सरावतात म्हणून हा फरक जाणवत नाही. उजेड कमी तर पाण्याची गरजही कमी.

या वेलाचं मूळ घर प्रशांत महासागरातलं मोओरिआ बेट. त्याला फुलं जवळजवळ येतच नाहीत, कारण जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक त्याच्यात नीट काम करत नाही, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. घराघरांतले मनीप्लांट हे असे कुणीतरी कापून दिलेल्या पेरांतूनच जगभर गेले आहेत.

दोन आठवड्यांनी आत्याचा फोटो आला. बाटलीतल्या एका पेरातून नखाएवढं पांढरं मूळ निघालं होतं. कुंडीतल्या वेलाची दोन पानं आणखी गळली होती, पण शेंड्याला एक गुंडाळलेलं, पोपटी टोक दिसत होतं.