मियामोतोंच्या नावावर खपणारं वाक्य

तलावपाळीच्या कट्ट्यावर सारखा पुढे ढकलल्या जाणाऱ्या 'जीटीए ६' या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ऐकवतं, "लांबलेला गेम शेवटी चांगला होतो, घाईत काढलेला कायमचा वाईट. मियामोतो म्हणालेत!" त्याच्या रिलीजची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली, तेव्हा तर ठाण्यातल्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर या वाक्याचं पारायणच झालं.

मारिओचे जनक शिगेरू मियामोतो हे म्हणाल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना सापडलेला नाही. अशा अर्थाची वाक्यं गेम बनवणाऱ्यांत १९९० च्या दशकापासून फिरत होती, मोठं नाव मागाहून चिकटलं.

बरं, वाक्य खरं तरी आहे का? 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' १९९७ मध्ये जाहीर झाला, २०११ मध्ये आला. चौदा वर्षं! मधल्या काळात इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर, बदललं, काम पुन्हा पुन्हा नव्याने सुरू झालं, आणि हाती आलेला गेम समीक्षकांनी धुऊन काढला. 'सायबरपंक २०७७' तीनदा पुढे ढकलूनही डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. पुढे अपडेट येत गेले आणि तोच गेम लोकांना आवडू लागला. म्हणजे 'कायमचा वाईट' हेही गेलं.

'सिल्कसाँग' मात्र २०१९ ते २०२५ लांबला आणि उत्तम निघाला. पण तो रखडला नव्हता. छोट्या टीमला त्यात भर घालत बसायला मजा येत होती.

आणि 'हाफ-लाइफ २' या गेमच्या पुढच्या कथेची तिसरी कडी? दुसरी २००७ ची. तिसरी आलीच नाही.